चूक कुणाची धरायची

गाओली मुआला कुणी वय विचारलं की ती उलट विचारते, "कुठलं सांगू?" वर्गातली मुलं हसतात, त्यांना वाटतं बाई गंमत करतायत. अमेरिकेतल्या फ्रेस्नोच्या एका सरकारी शाळेत ती बीजगणित शिकवते. ताठ पाठीची, कमी बोलणारी, फळा पुसताना कोपरेसुद्धा न सोडणारी बाई. तिच्या वर्गातल्या ह्मोंग, म्हणजे तिच्याच डोंगरी जमातीच्या मुलांच्या आया तिला बाजारात ओळखतात, हसून मान हलवतात, आणि ती चार पावलं पुढे गेली की एकमेकींना सांगतात, ही मुआंची थोरली, नवऱ्यानं मारलं म्हणून सोडून आलेली. गेली वीस-बावीस वर्षं हे असंच चालू आहे. गोष्ट साफ खोटी आहे, आणि ज्यांनी ती जन्माला घातली त्यांना ती खोटी असल्याचं पक्कं ठाऊक होतं.

वयं मात्र तिची खरोखरच दोन आहेत. थायलंडात निर्वासितांच्या छावणीत अमेरिकेचे कागद लिहिणारा कारकून टेबल टाकून बसला, तेव्हा गाओली सहा वर्षांची होती. तिचा बाप वासेंग मुआ रांगेत उभा होता. पुढच्या माणसानं त्याला शहाणपण शिकवलं की तिकडे शाळेत वय बघून बसवतात आणि वय बघूनच बाहेर काढतात, तेव्हा पोरांची वयं कमी सांग. वासेंगला अक्षरओळख नव्हती. त्यानं पोरीकडे एकदा पाहिलं आणि "चार" म्हणून सांगून टाकलं. दोन वर्षं शाळा जास्त मिळेल, एवढाच त्याचा लोभ. त्या रांगेतल्या बहुतेक बापांनी अशी लबाडी केली, आणि पोरांवरच्या मायेनं केली.

थाओ कुळातल्या नेंगशी तिचं लग्न झालं ते खऱ्या वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे कागदावरच्या सोळाव्या. डिसेंबरात नवीन वर्षाचा मेळा भरतो, तिथे मुलंमुली समोरासमोर उभी राहून चेंडू टाकतात आणि झेलतात. नेंगला झेलता येत नव्हतं. हडकुळा, मोठ्या कानांचा पोरगा, दर खेपेला चेंडू खाली पाडायचा आणि उचलायला वाकताना तिच्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या गाडीत बसून त्याच्या घरी गेली. दारात त्याच्या काकानं तिच्या डोक्यावरून जिवंत कोंबडा फिरवला, तिनं उंबरा ओलांडला, आणि तिथून पुढे ती थाओंच्या पूर्वजांची झाली. मग दोन माणसं मुआंच्या घरी निरोप घेऊन गेली, दोन्ही कुळांचे मध्यस्थ दोन दिवस टेबलाशी बसले, पेले फिरले, थाओंनी मुआंना द्यायचं देणं ठरलं. कोर्टात नोंद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कुणीतरी विषय काढला तेव्हा काका म्हणाला, "पोरगी कागदावर सोळाची. उगाच जज्जापुढे कोण उभं राहणार? मग बघू." आडनाव बदलायचा प्रश्नच नव्हता, ह्मोंग बाई जन्मभर बापाच्या कुळाचंच नाव लावते.

दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली, सातव्याच महिन्यात. मूल तीन दिवसांचं झालं की त्याच्या आत्म्याला घरात बोलावतात आणि नाव ठेवतात. ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. नाव नाही म्हणून घरच्या माणसांत तिची गणती झाली नाही. नेंगनं मात्र इस्पितळाबाहेर गाडीत बसल्या बसल्या बायकोच्या कानात एक नाव सांगितलं, आणि ते दोघांनीही पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत, आणि सासूबाईंच्या बोलण्याला धार आली.

त्या दिवसांत गाओली फळं डब्यांत भरायच्या शेडमध्ये काम करत होती. वजनकाट्यावर बसायला मिळालं तर पाठ वाचली असती, पण त्यासाठी हिशेबाचा एक कोर्स लागत होता. म्हणून ती शहरातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला गेली. तिथे कुणालाही प्रवेश मिळतो, गरिबाला फी माफ असते, आणि लग्न झालंय का हे कुणी खोदून विचारत नाही. हिशेबाच्या मास्तरांनी तीन आठवड्यांत तिला वरच्या वर्गात धाडलं, तिथल्या बाईंनी आणखी वर. काट्यावर ती शेवटपर्यंत बसली नाही. ज्या गणितात आकड्यांपेक्षा अक्षरंच जास्त असतात ते ती शेडमधल्या जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्याच्या झाकणावर सोडवत बसायची, आणि सुखी असायची.

आराक्सी बेद्रोसियान नावाच्या आर्मेनियन बाई त्या कॉलेजात मुलांना पुढची दिशा सांगायला बसत. जाड चष्मा, खणात कायम जर्दाळू, आवाज करारी. त्यांनी गाओलीला किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठाची यादी दिली. इथे कुठले विषय पुरे केले म्हणजे तिकडे तिसऱ्या वर्षाला घेतात, त्याची ती यादी. नेंगनं ती फ्रिजवर चिकटवली. तो कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर सुरी चालवायचा, मनगटं सुजलेली असायची, पण एकेक विषय पुरा झाला की पेन्सिल घेऊन टीक तोच करायचा.

"तुझा तो तिसरा कॅल्क्युलस झाला ना?"

"झाला."

"किती मिळाले?"

"पैकीच्या पैकी."

"मग मोठी टीक करतो," तो म्हणायचा, आणि खरंच करायचा.

दोन वर्षांचं कॉलेज तिनं शेड सांभाळून चार वर्षांत पुरं केलं. एप्रिलच्या शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. जिथे बहुतेकांना नकार मिळतो तिथे तिला घेतलं होतं. नेंगनं ते पत्र कारखान्यात नेऊन फिरवलं, तेलकट बोटांचे ठसे पडून ते परत आलं. सासूबाईंनी भात वाढता वाढता विचारलं, "तिकडं गणितानं पोरं होतात का गं?" तसं त्यांचं म्हणणं अगदीच परकं नव्हतं. नेंग त्यांचा एकुलता एक, त्याचा बाप वारलेला, आणि सहा वर्षं घरात पाळणा नाही.

पैशाचा सगळा भार एका सरकारी फॉर्मवर होता. तो पास झाला की फी, राहणं, जेवण, सगळं अनुदानात बसणार होतं. नाही झाला तर कर्जसुद्धा मिळत नाही. गाओलीनं तो फेब्रुवारीतच भरून पाठवला होता. तुमचं लग्न झालं आहे का, या प्रश्नापुढे तिनं "हो" लिहिलं. दुसरं काय लिहिणार? मे महिन्यात विद्यापीठानं लग्नाचा दाखला मागितला.

"दाखला म्हणजे?" तिनं आराक्सीबाईंना विचारलं.

"म्हणजे दाखला. कोर्टाचा."

"आमच्या लग्नाला चार मध्यस्थ होते. त्यांना आणू?"

बाईंनी चष्मा काढला. मग तिला समोर बसवून त्यांनी नियम समजावला. ज्याचं वय चोवीसच्या आत, ज्याचं लग्न झालेलं नाही, ज्याच्या पदरी मूल नाही आणि ज्याचे आईबाप हयात आहेत, तो सरकारच्या लेखी आईबापांवर अवलंबून. त्याच्या फॉर्मवर आईबापांची मिळकत आणि सही लागते. गाओली ऐकत होती. तिला चोवीस पुरी होती, पण कागदावर बावीस. नवरा होता, पण कागदावर नाही. मूल झालं होतं, ते कुठेच नाही. आईबाप तेवढे दोन्हीकडे होते.

"मग उद्याच कोर्टात जाऊ," नेंग घरी म्हणाला, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. आराक्सीबाईंनी फोनवर सांगितलं की उपयोग नाही, फॉर्मवर सही केली त्या दिवशीची परिस्थिती धरतात, आत्ता केलेलं लग्न पुढच्या वर्षी कामाला येईल. पुढच्या वर्षापर्यंत विद्यापीठ जागा राखत नाही, सगळं पहिल्यापासून, आणि पुन्हा घेतील याची खात्री नाही. "बापाची एक सही आण," बाई म्हणाल्या. "मुलीला शिकायला पाठवायचंय, कुठला बाप नाही म्हणेल?" बाई स्वतः चांगल्याच होत्या. ती सही त्या घरात काय असते हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलं नाही.

वासेंग मुआ शहराच्या दक्षिणेला खंडानं घेतलेल्या जमिनीत भाजी काढायचा. चवळीच्या लांब शेंगा, कारली, गवती चहा. गाओली गेली तेव्हा तो गवती चहाच्या जुड्या बांधत होता. तिनं शेजारी बसून दहा-बारा जुड्या बांधल्या आणि मग सांगितलं.

"म्हणजे मी लिहायचं की तू माझ्या घरात आहेस," तो म्हणाला. "बिनलग्नाची."

"हो."

"नेंग मेला का?"

"असं काय बोलता, बाबा?"

"मग तू माझ्या घरात कशी?"

"नुसतं कागदावर."

बापानं हातातली जुडी खाली ठेवली. "नुसतं कागदावर म्हणून मी तुला चार वर्षांची केली. खरं बोललो असतो तर आज चोवीस भरली असती, माझ्या सहीवाचून अडलं नसतं. हो का नाही?"

तिनं पुढची जुडी बांधायला घेतली.

"ते कारकुनाला माझ्या तोंडानं सांगितलेलं खोटं. अठरा वर्षं मला धाकधूक आहे, कधीतरी कुणी दार ठोठावील आणि पोरगी परत पाठवतील. आता स्वतःच्या हातानं दुसरं लिहू? आणि तू तिकडे एकटी. उद्या काही बरंवाईट झालं तर कुठल्या घरातून नेतील तुला? थाओंनी विचारलं, तुमचीच म्हणून लिहून दिलीत ना, मग तुम्हीच न्या, तर मी कुठे नेऊ? माझ्या पूर्वजांनी तुला सोडून सहा वर्षं झाली."

त्यानं नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. जाताना एक पिशवीभर शेंगा दिल्या. आराक्सीबाईंनी विद्यापीठाला पत्र लिहून पाहिलं, उत्तर आलं की पालक सही करायला तयार नाहीत हे कारण धरता येत नाही, आणि वीस जूनपर्यंत फॉर्म दुरुस्त करावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वासेंगनं निरोप धाडला, सही करीन, पण खरी करीन. गाओलीला अर्थ लागेना. नेंगला लगेच लागला. तो भांडी घासत होता, त्यानं नळ बंद केला.

"तुझा बाप खोटं लिहिणार नाही," तो म्हणाला. "तू खरंच त्याच्या घरची झालीस तर लिहील. मध्यस्थ बोलावणार तो. सोडवायला."

"मग राहू दे. मी जात नाही कुठे."

"फ्रिजवरच्या यादीत त्या खुणा कुणी केल्या?"

"नेंग."

"मी केल्या. एकतीस. त्या काय भिंत रंगवायला?" तो हसला, पण हसणं काही जमलं नाही. "हे बघ, गाठ मारणारीही आपलीच माणसं आणि सोडणारीही आपलीच. दोन वर्षं जा. शिकून ये. मग कोर्टात जाऊन असं लग्न करू की सरकारसुद्धा बघत राहील."

तिनं वाद घालायला हवा होता. थोडा घातलाही. पण तिला जायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षं पुठ्ठ्यांच्या झाकणांवर ती त्याच एका गोष्टीकडे चालत आली होती, आणि कोणी म्हणालं की दार उघडेल, फक्त थोडं मोडावं लागेल, तर ती नको म्हणू शकली नाही. नेंगचं म्हणणं तिला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. दोघंही वयानं लहान होती आणि गाठ सुटते कशी हे दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मुआंच्या बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं. दोन मध्यस्थ मुआंचे, दोन थाओंचे, लग्नाला होते तेच चौघे, आता अधिक पिकलेले. नेंग आणि त्याचा काका एका बाजूला, वासेंग दुसऱ्या बाजूला. बायका टेबलाशी बसत नाहीत, म्हणून गाओली आईबरोबर स्वयंपाकघरात, आणि नेंगची आई मधल्या खोलीत खुर्चीवर. दार अर्धं उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

पहिला पेला झाल्यावर मुआंच्या थोरल्या मध्यस्थानं विचारलं, "चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही," वासेंग म्हणाला. "पोरीला शिकायला जायचंय."

"तसं होत नाही, वासेंग. चूक धरल्याशिवाय गाठ सुटत नाही. बायकोची चूक असेल तर तू थाओंचं देणं परत करायचं, आणि पोरगी नवरा टाकून गेलेली म्हणून नाव होणार. नवऱ्याची असेल तर त्याचं देणं बुडालं. तिसरं आमच्या बापजाद्यांनी सांगितलेलं नाही."

वासेंगनं खाली पाहिलं. देणं परत करायला त्याच्याकडे गवती चहाशिवाय काही नव्हतं, आणि पोरीवर ठपका ठेवायला तर तोंडच उघडत नव्हतं. मग नेंगचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरा बसलेला.

"चूक माझी धरा."

"काय केलंस?"

"मी तिला मारलं."

मधल्या खोलीत खुर्ची करकरली. काका म्हणाला, "नेंग, काय बोलतोस?" पण मध्यस्थानं हात वर करून त्याला थांबवलं. विचारणं त्यांचं कामच होतं.

"कशानं?"

"हातानं."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

स्वयंपाकघरात गाओलीच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. या माणसानं सहा वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. चेंडू पाडणारा माणूस.

मुआंचा धाकटा मध्यस्थ जरा थांबला, मग हळूच म्हणाला, "ते मूल सातव्या महिन्यात आलं. ते तुझ्या मारण्यानं?"

गाओली उठली. दारापर्यंत तीन पावलं होती. तिनं दाराला हात लावला. एक वाक्य बोलायचं होतं, हा खोटं बोलतोय, एवढंच. आईनं तिला धरलं नाही, कुणीच धरलं नाही. दाराच्या फटीतून तिला नेंगची मान दिसत होती, आणि मोठे कान लाल झालेले. तिच्या मनात वीस जून ही तारीख आली. ती आली, हे तिनं पुढे स्वतःपासून कधी लपवलं नाही.

"हो," नेंग म्हणाला.

त्याच्या आईनं एकदाच, अगदी बारीक, कण्हल्यासारखा आवाज काढला. मूल गेलं तेव्हा नेंग आठ दिवस जेवला नव्हता हे त्या बाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बाहेर येऊन तीही बोलू शकली असती. पण तिला नातू हवा होता, गाठ सुटली तर दुसरी सून येणार होती. दोन दारांआड दोघी थांबून राहिल्या आणि खरं कुणीच सांगितलं नाही.

थोरल्यानं चौघांचे पेले भरले. नेंगनं दोन्ही हात जमिनीला टेकून वासेंगपुढे डोकं ठेवलं, एकदा नाही, दोनदा, माफी मागायची ती रीत आहे. हे सगळं खोटं आहे, हे वासेंगला कळत होतं. त्यानं नेंगला खांद्याला धरून उठवलं. ज्या माणसाला कागदावर खोटं लिहायचं नव्हतं, त्याच्या घरात त्या दिवशी एवढं मोठं खोटं बोललं गेलं, आणि त्यानं ते पेल्याबरोबर गिळलं.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "आता झालं."

"दोन वर्षांनी आम्ही कोर्टात जाणार आहोत," गाओली म्हणाली.

"कोर्टात जा नाहीतर चंद्रावर जा. पोटच्या पोरावर हात टाकलेल्या माणसाकडे बाप मुलगी पुन्हा धाडतो का? आणि खोटं होतं म्हणून सांगाल, तर त्या चौघांची तोंडं काळी. दोन्ही कुळांत तुमचं लग्न लावायला नाही, तुमचं मढं उचलायला माणूस यायचा नाही." आईनं चाकू धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "तो पोरगा हे जाणून बोलला. तू नव्हतीस जाणत?"

वासेंगनं त्याच संध्याकाळी सही केली. नागरिकत्वाच्या वर्गात शिकलेली मोठी मोठी अक्षरं, एकेक जपून काढलेलं. गाओली मुआ, मुलगी, अविवाहित, राहणार वडिलांकडे. आता त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सोमवारी तिनं तो फॉर्म आराक्सीबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी सही पाहिली, खुश झाल्या, खणातून जर्दाळू काढून पुढे केलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "एका सहीचं तर काम होतं."

गाओलीनं जर्दाळू घेतलं. फॉर्म पास झाला, अनुदान पुरं मिळालं, घरून एक डॉलरही घालावा लागणार नव्हता.

उन्हाळा तिनं बापाच्या गॅरेजमध्ये खाट टाकून काढला. सोडवून आणलेल्या मुलीला घरात घेता येतं, पूर्वजांत घेता येत नाही. तिच्यासाठी कुणी कोंबडा फिरवला नाही. जेवायला ती आत जायची, झोपायला बाहेर यायची. थाओंच्या घरी काय चाललंय ते तिला आईकडून कळायचं. सासूबाईंनी सून शोधायला सुरुवात केली होती, पण गोष्ट त्यांच्याआधी पोचली होती. सॅक्रामेंटोच्या एका घरानं बोलणं लावलं आणि आठवड्यात मोडलं. पुढे तब्बल सात वर्षं नेंगला कुणी मुलगी दिली नाही. शेवटी दोन मुलांची एक विधवा मिळाली, तोवर त्याची आई हातानं जेवू शकत नव्हती.

विद्यापीठ सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सकाळी नेंग वासेंगच्या शेतावर आला. मुआंच्या घरी यायचं तोंड त्याला उरलं नव्हतं, शेत त्यातल्या त्यात कुणाचं नाही. त्यानं गाडीतून तिची जाड रजाई काढली, भाताचं भांडं काढलं, आणि गणिताच्या वह्यांचा एक खोका. वासेंग त्याला पाहून पलीकडच्या वाफ्यात गेला आणि पाठ करून कारली तोडत राहिला.

"भांडं नवीन घेतलं," नेंग म्हणाला. "जुनं तळाला लागतं."

"तुझी मनगटं कशी आहेत?"

"आहेत."

"तू असं का म्हणालास? दुसरं काही सांगता आलं असतं. बाई ठेवली म्हणायचं."

"कुठली बाई, म्हणून विचारलं असतं. नाव कुणाचं घेणार? दुसरीचं घर बुडालं असतं." त्यानं खोक्यावरची धूळ पुसली. "मारण्याला साक्षीदार लागत नाही."

"आणि तिचं?"

ती त्या दोन दिवसांच्या पोरीचं म्हणतेय हे त्याला कळलं. तो गवती चहाच्या ओळीकडे बघत राहिला. "त्यांनी विचारलं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. ती नव्हतीच, असं म्हणवेना मला."

गाओलीला रडू आलं. तिनं ते अडवलं नाही. नेंगनं तिला हात लावला नाही, वासेंग पंधरा पावलांवर होता, आणि ज्या माणसानं बायकोला मारलं तो शेतात तिला जवळ घेऊ शकत नाही. तो नुसता उभा राहिला, रजाई दोन्ही हातांवर तशीच धरून. तिनं डोळे पुसले आणि रजाई घेतली.

"दोनच वर्षं," ती म्हणाली. "मी परत येणार आहे, नेंग."

"कुठे?" त्यानं विचारलं.

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गाओलीनं उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि पलीकडच्या वाफ्यात वासेंगचा कारली तोडायचा आवाज थांबला.